कंबरदुखी हटत नसेल तर किडनी तपासा

१. शाहूवाडीत कंबर कुणाची दुखत नाही? भातलावण, ऊसतोड, डोंगरउताराची शेती. म्हणून माणूस महिनोन् महिने कंबर चोळून घेतो, मणक्याचा एक्स-रे काढतो, मेडिकलमधून गोळ्या आणतो. यातल्या एखाद्याचं दुखणं मात्र मणक्याच्या पुढच्या बाजूला असतं. तिथे महाधमनीभोवती चिवट, तंतुमय थर वाढतो आणि शेजारच्या मूत्रवाहिन्या आवळतो. हा रेट्रोपेरिटोनियल फायब्रोसिस. बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही.

२. आजार दुर्मीळ आहे. फिनलंडच्या पाहणीत लाखामागे दीडाहून कमी रुग्ण आढळले. बहुतेक चाळिशी-साठीतले, त्यांत पुरुष जास्त. पावणेदोन लाखांवर वस्तीच्या आपल्या तालुक्यात त्या हिशेबानं दोन-तीन जण. मग एवढी ओरड कशाला? कारण पहिल्या दोन तपासण्या, रक्तातलं क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी, मुतखड्याला, प्रोस्टेटला, मधुमेहानं खराब होणाऱ्या किडनीलाही लागतात. त्या वेळेवर झाल्या तर शेकडो घरांचा फायदा आहे.

३. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. एक किडनी सुकत गेली तरी दुसरी काम ओढते आणि आकडा बरेच दिवस ठीक दिसतो. वाहिनी दबली की पाटात पाणी तुंबावं तशी लघवी मागे तुंबते, किडनी फुगते. वरून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा मारा झाला तर तिचं आणखी नुकसान होतं. कंबरदुखीसोबत वजन घटत असेल, बारीक ताप असेल, पायांवर किंवा अंडकोषावर सूज असेल, तर मणक्याच्या नावावर थांबणं चुकीचं आहे.

४. रिपोर्टवर ‘दोन्ही किडन्यांना सूज, खडा नाही’ असं आलं की सीटी स्कॅन हवा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर एमआरआयचा विचार होतो. कॅन्सर, लिम्फोमा आणि आपल्याकडे क्षयरोगही नाही ना, हे पाहावं लागतं. कधी त्या थराचा तुकडा काढून तपासावा लागतो. आधी लघवीला वाट: आतून डीजे स्टेंट, नाहीतर पाठीतून नळी. मग प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, हळूहळू डोस कमी करत कित्येक महिने, साखर आणि रक्तदाबावर लक्ष ठेवून. गुण आला नाही तर ऑपरेशन करून वाहिन्या मोकळ्या करतात. आजार उलटूही शकतो, म्हणून गोळ्या थांबल्यावरही तपासणी सोडायची नाही.

५. मला सगळ्यात जास्त काळजी स्टेंटची वाटते. वीतभराहून थोडी लांब, दोन्ही टोकांना वळलेली प्लास्टिकची नळी. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. ती साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलावी लागते. पण बरं वाटलं की रोपलावणीला माणूस लागतो, तारीख मागे पडते. राहून गेलेल्या नळीवर खडे जमतात, मग तीच काढायला मोठं ऑपरेशन. दोष एकट्या रुग्णावर ढकलणं मला मान्य नाही. क्षयरुग्णाची आणि गरोदर बाईची नोंद आशाताई ठेवतात, घरी जाऊन आठवण करतात. स्टेंटवाल्यांची यादी त्यांना का देऊ नये?

६. पैशाची सोय आहे. २०२३ च्या निर्णयानं महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांवर गेलं. पण आंब्याकडच्या वाडीतून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जायचं तर एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचं भाडं आणि दोघांचाही रोज बुडतो.

७. म्हणून मागणी तीनच गोष्टींची. मलकापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला सोनोग्राफीचा दिवस, आणि तो दारावर लिहिलेला. तीन आठवड्यांत न हटलेल्या कंबरदुखीला क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी. तिथेच तालुक्याची स्टेंट-नोंदवही, बदलायच्या तारखेसह. येत्या ग्रामसभेत हे तीन ठराव मांडा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.