शाळेला कुलूप लावण्याआधी

26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या पाड्यावर एक ठराव होता होता राहिला. विषय होता वनहक्काच्या दाव्यांचा. तालुक्याला अडकलेल्या फायली, जीपीएस मोजणी, फारेस्टवाल्यांनी परत पाठवलेले कागद, हेच सगळे चालले होते. तेवढ्यात बायांमधून एक जण उठली. म्हणाली, "जमिनीचं राहू दे जरा. माझा पोर्‍या चौथीत गेला. त्याला अजून आपलं नाव सरळ लिहता येत नाय. उद्या पट्टा मिळाला तर तो पण अंगठाच मारील. मास्तर हाय कुठं?"

मग जो तो बोलायला लागला. मास्तर आठवड्यातून दोनदाच दिसतो. आला तर कागदं भरतो. पोरं खिचडी खातात आणि नदीवर खेकडे धरायला जातात. तरुण पोरांनी सांगितले, शाळेला कुलूप लावू, चावी पंचायत समितीत नेऊन टाकू, पेपरात फोटो येईल. बरेच हात वर झाले.

आमच्यातला एक म्हातारा, ज्याच्यावर फारेस्टच्या केसी जुन्या आहेत, तो म्हणाला, "कुलूप लावा, पण कोणाला लावता ते आधी बघा. फारेस्टवाला आपली जमीन काढायला आला तेव्हा आपण काय केलं? आधी मोजली. मग भांडलो. मास्तर किती दिवस येत नाय ते मोजलंय का कोणी?"

कोणी मोजले नव्हते. म्हणून मोजायचे ठरले. शाळेशेजारच्या घराची कुडाची भिंत गेरूने सारवलेली आहे. तिथल्या बायांनी काम अंगावर घेतले. शाळा उघडी असून वर्गात शिकवणे झाले नाही, तर त्या दिवसाची एक रेघ. मास्तर आपल्या मर्जीने आला नाही तर कोळशाची काळी रेघ. सरकारने दुसऱ्या कामाला नेला तर तांदळाच्या पिठाची पांढरी. विचारून, कागद बघून मारायची.

1 मेला ग्रामसभेने भिंत बघितली. काळ्या रेघा तीन होत्या. बाकी सगळ्या पांढऱ्या.

त्या पांढऱ्या रेघांबद्दल हा लेख आहे. आता पावसाबरोबर शाळा उघडतील. त्याआधी प्रत्येक पाड्याने यावर बोलावे, असे मला वाटते.

पांढऱ्या रेघा कसल्या? फेब्रुवारीत सर्वात जास्त. 9 ते 28 फेब्रुवारी जनगणना होती. आमचा मास्तर सकाळी शाळा उघडायचा, हजेरी घ्यायचा आणि फॉर्मची पिशवी घेऊन डोंगरावरच्या पाड्यांना निघायचा. रेघ अर्धी मारायची का पुरी, यावर बायांचा वाद झाला. शेवटी पुरी मारली, कारण पोरे तर घरीच आली. मग मतदार यादीचे काम. मग केंद्रावर मीटिंग. मग पंचायत समितीतून निरोप, माहिती आजच्या आज पाहिजे. मग पुस्तके आणायला, तांदळाचा हिशेब द्यायला, शिष्यवृत्तीचे फॉर्म पोचवायला. आदिवासी मुलींना तेव्हा हजेरीचा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा. तो रुपया पोरीच्या हातात पडेपर्यंत किती तक्ते भरावे लागायचे, ते मास्तरलाच विचारा.

खिचडीचे पण तसेच. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. बचत गटाच्या बाया शिजवतात, लाकूडफाटा पण त्याच आणतात आणि गार्डाचा दम पण त्याच खातात. पण किती पोरे जेवली, किती तांदूळ गेला, किती उरला, हे रोज लिहायचे मास्तरने. हिशेबात खोट आली तर पकड त्याची. शिकवले नाही म्हणून आमच्या मास्तरला कोणी नोटीस दिलेली आम्हाला आठवत नाही. कागद उशिरा गेला म्हणून मात्र नोटीस येते. मग माणूस काय आधी करील?

आणि हे सगळे एकटा माणूस करतो. चार इयत्ता, एक खोली, एक मास्तर. पहिलीला अक्षर शिकवायचे तर चौथी गप्प बसवायची. चौथीचे गणित घ्यायचे तर पहिली पळून जाते. त्यात पहिलीच्या पोरांना घरची वारली बोली येते, पुस्तक वेगळेच बोलते. त्यांच्याजवळ रोज बसणारा माणूस पाहिजे. बसायला दुसरा आहे कुठे?

आमच्याकडे दुसरी एक बाई होती. शिक्षण सेवक म्हणून आली होती. शिक्षण सेवकाला तेव्हा पहिली तीन वर्षे महिना 3000 रुपये मानधन होते. 2011 साली आपल्या रोजगार हमीचा दर झाला 127 रुपये. चोवीस दिवस काम केले तर 3048 होतात. म्हणजे माती उचलणाऱ्याला कागदावर जे मिळायचे, ते पण डी.एड. शिकलेल्या बाईला मिळत नव्हते. (आपल्याला तरी ते वेळेवर कुठे मिळते, ही वेगळी गोष्ट.) ती एका घराच्या पडवीत राहायची. शाळेला संडास नाही, त्यामुळे अंधार पडेपर्यंत पाणी प्यायची नाही, असे तिनेच आमच्या बायांना सांगितले. पावसात हिवताप झाला तेव्हा दोन दिवस पडून राहिली आणि तिसऱ्या दिवशी तापातच वर्गात आली, कारण शाळा बंद दिसली असती. दीड वर्षाने ती नोकरी सोडून गेली. त्या दिवसापासून जागा रिकामी आहे.

आपले बरेच दावे तिनेच लिहिले. 2008 साली फॉर्म आले तेव्हा वनहक्क समितीत लिहिता येणारे दोघेच होते. संध्याकाळी कंदील लावून ती बसायची. म्हातारे सांगायचे, कोणाच्या बापाने कुठला माळ फोडला, कुठे वरई पेरली, कुठे नागली. ती त्यांचे जबाब लिहून घ्यायची. कायद्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला आहे, म्हणून त्या कागदांची किंमत मोठी आहे. ही गोष्ट आपण विसरतो आणि म्हणतो, मास्तर लोकांचा आपल्या लढ्याशी काय संबंध.

संबंध आणखी एका जागी आहे. शाळेचे जनरल रजिस्टर. जातीचा दाखला काढायला गेलात तर साहेब पहिला कागद तोच मागतो. आपल्यातल्या अर्ध्या लोकांचा जन्म 1 जूनला झालाय, तो कोणामुळे? पोरे भरती करायच्या गर्दीत मास्तरने सगळ्यांना एकच तारीख लावली. हसण्यासारखे आहे. पण त्याच घाईत महादेव कोळी नाहीतर मल्हार कोळी पोराच्या नावापुढे नुसते 'हिंदू कोळी' लिहिले गेले, ते हसण्यासारखे नाही. त्या एका शब्दासाठी माणसे जात पडताळणीच्या दारात वर्षानुवर्षे उभी आहेत. थकलेल्या, घाईतल्या हाताने लिहिलेली एक चूक तीन पिढ्या पुरते. म्हणून मास्तरला शांतपणे काम करता आले पाहिजे, ही गरज त्याच्याआधी आपली आहे.

आता कोणी म्हणेल, कायम झालेल्या मास्तरला चांगला पगार आहे, मोटरसायकल आहे. आपण भट्टीवर मरतो आणि त्याची दया करायची? तो आपल्या मोर्चात कधी आला?

बरोबर आहे. दया करू नका. मोर्चात पण तो येणार नाही, सरकारी नोकर आहे. आणि काळ्या रेघा खोट्या नाहीत. काही शाळांत मास्तर खरेच येत नाही, दारू पिऊन येतो, महिन्याच्या सह्या एकदम करतो. अशाला पाठीशी घालायचे नाही. पण आपली पण एक चूक कबूल करू. मास्तर गावात राहतो, असा दाखला ग्रामपंचायतीतून जातो. त्यावर त्याला घरभाडे मिळते. तो राहतो तालुक्याला, हे सगळ्या गावाला माहीत असते. सही आपल्याच सरपंचाची असते. खोटा दाखला आपण देणार आणि मास्तर राहत नाही म्हणून ओरडणार पण आपणच, हे कसे चालेल? राहण्यासारखी खोली नसेल तर तसे लिहून द्या. खरे लिहिले तरच खोलीची मागणी पुढे जाईल.

मुद्दा दयेचा नाही, हिशेबाचा आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात लिहिले आहे की पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास शिकवणे झाले पाहिजे. हे 800 तास आपल्या पोराच्या नावावर आहेत, जशी आपली कसवणूक आपल्या नावावर पाहिजे तशी. जमिनीचा एक गुंठा कोणी कमी दाखवला तर आपण रात्रभर बसून नकाशा तपासतो. पोराचे तास कोणी काढून नेले तर आपण बघत पण नाही. मास्तरला वर्गातून उठवून नेणे म्हणजे त्या तासांवर अतिक्रमण आहे. आपल्याला अतिक्रमणदार म्हणणारे सरकार हे अतिक्रमण रोज करते.

त्याच कायद्यात कलम 27 आहे. जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुका, या तीन कामांशिवाय मास्तरला शिक्षणाबाहेरच्या कुठल्याच कामाला लावता येत नाही. म्हणजे बाकीच्या याद्या, तपासण्या, मोजण्या बेकायदा. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच सांगितले आहे की ते सुट्टीच्या दिवशी घ्यावे, शाळेच्या वेळेत साधारणपणे घेऊ नये. जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्या की पांढऱ्या रेघा वाढणार, आत्ताच सांगून ठेवतो.

साठ पोरांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक, हे पण कायद्यातच आहे. एकशिक्षकी शाळा हे आपले नशीब नाही, कायदा मोडल्याचा पुरावा आहे.

म्हणून कुलूप लावण्याआधी प्रत्येक पाड्याने हे करावे:

1. शाळा उघडल्या दिवसापासून रेघा मारायला सुरुवात करा. भिंतीवर, वहीत, कुठेही. काळी आणि पांढरी वेगळी ठेवा. महिन्याच्या शेवटी ग्रामसभेत वाचा.

2. शाळा व्यवस्थापन समितीत तीन भाग पालक आणि एक भाग बाकीचे, असा कायदा आहे. निम्म्या बाया पाहिजेत. आपली समिती कागदावर आहे का खरी आहे ते बघा. कोणाच्या सह्या कोणी केल्या ते विचारा.

3. रिकामी जागा आणि पांढऱ्या रेघा, दोन्हींची लेखी तक्रार करा. कलम 32 प्रमाणे तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. तक्रार मास्तरने करायची नाही, त्याच्यावर दात धरतील. आपण करायची.

4. शाळेला खोली, संडास, पाणी पाहिजे म्हटले की उत्तर येते, जागा फारेस्टची आहे. वनहक्क कायद्याचे कलम 3(2) काढून दाखवा. गावाच्या ज्या सोयींसाठी वनजमीन देता येते त्या यादीत पहिलेच नाव शाळेचे आहे. जागा एक हेक्टरच्या आत पाहिजे, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि शिफारस ग्रामसभेची पाहिजे. ठराव आपल्या हातात आहे, तो करा.

5. काळ्या रेघांबद्दल मास्तरला ग्रामसभेत बोलवा. ओरडू नका, विचारा. त्याचे पण ऐका. आमच्याकडे तीन रेघांपैकी एका दिवशी त्याची पोरगी दवाखान्यात होती. रजा मागायला फोनला रेंज नव्हती आणि दुसरा मास्तर नव्हता. ती रेघ आम्ही पुसली. दोन ठेवल्या. त्याने मान्य केल्या.

1 मेच्या सभेत मास्तर मागे उभा होता. भिंतीची गोष्ट त्याला आधीपासून माहीत होती, रोज तिच्यासमोरूनच जायचा. त्याला बोल म्हटले तर एवढेच म्हणाला, "बारा वर्षं नोकरी केली. माझा वर्ग कोणी मोजला नव्हता. सगळे तांदूळच मोजतात."

कुलपाचा ठराव त्या दिवशी कोणी पुन्हा काढला नाही. दुसरा ठराव झाला: पांढऱ्या रेघांची नक्कल काढून गटशिक्षणाधिकाऱ्याला द्यायची, रिकामी जागा भरायची तारीख लेखी मागायची आणि तीन महिन्यांत उत्तर आले नाही तर पोरांना घेऊन पंचायत समितीच्या ओट्यावर बसायचे. तिथेच शाळा भरवायची. मास्तर नसला तरी चालेल. पाटी आम्ही आणू.

ज्या पाड्यांवर रेघा मारल्या जातील, त्यांनी त्या मोजून संघटनेच्या ऑफिसात कळवाव्यात. सगळ्या पाड्यांच्या मिळून एक यादी करू. दावे एकेकट्याने घातले तेव्हा फेटाळले गेले, गावाने मिळून घातले तेव्हा ऐकावे लागले. रेघांचे पण तसेच होईल.

जिंदाबाद!