नाथसागराच्या पायथ्याशी

या शहराच्या नळाला येणारे पाणी पैठणहून येते. नाथसागर भरला म्हणजे येथील घराघरांतील चिंता दूर होते, आणि पावसाळ्यात वृत्तपत्र हाती येताच धरणाचा टक्का पाहण्याची सवय आपणां सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु ज्या पाण्याने आपण निश्चिंत होतो त्याच पाण्याने धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या गावाची झोप उडते, ह्याची आठवण आपणांस क्वचितच होते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस ती झाली. जायकवाडीच्या दरवाजांतून गोदावरीत सोडावयाच्या पाण्याने तीन लाख क्युसेकचा टप्पा गाठला आणि पैठणच्या सखल वस्त्यांतील हजारो लोकांना घरे सोडून उंचावर जावे लागले. पुढे पाणी ओसरले, पंचनामे झाले, आणि रिवाजाप्रमाणे विषय मागे पडला. तो असा मागे पडू देणे कोणाच्याच हिताचे नाही.

हा पूर अस्मानी खरा. पण तो अनपेक्षित म्हणता येणार नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ह्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि सांडव्यावर सत्तावीस दरवाजे, असा हा प्रचंड प्रकल्प. तो बांधला गेला तो मराठवाड्याची तहान भागविण्यासाठी. पूर अडविणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हे. तथापि धरणे झाली की नदीचा धाक गेला, अशी समजूत नदीकाठच्या गावांत सर्वत्र पसरते, आणि वस्ती हळूहळू पात्राकडे सरकू लागते. पैठणकरांचा असा काही समज असलाच, तर ऑगस्ट २००६ मध्ये तो पुरता फिटला. त्या वेळी सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडावे लागले होते आणि गाव पाण्यात गेले होते. म्हणजे एकोणीस वर्षांच्या अंतराने एकच धडा दोनदा देण्यात आला आहे.

मग धरण वेळीच थोडे रिकामे का ठेवीत नाहीत, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपे नाही. ज्या मराठवाड्याने २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी जाताना पाहिले, त्या मराठवाड्यात ऑगस्टमध्ये भरलेले धरण खाली करावयाचे धाडस कोणता अधिकारी सहजासहजी करील? कोणत्या तारखेस पाण्याची पातळी किती असावी, ह्याचे कोष्टक पाटबंधारे खात्याजवळ असते. पण परतीच्या पावसाचा भरवसा नसल्यामुळे सर्वांचे डोळे १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीकडेच लागलेले असतात. एकदा ती पातळी गाठली, की वरून जेवढे येईल तेवढे खाली सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तात्पर्य, अतिवृष्टीच्या वर्षी पैठणला पूर येणार हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. आपल्या हाती उरते ती पूर्वतयारी.

ह्या पूर्वतयारीसाठी निसर्गाने थोडी सवडही ठेवली आहे. नाशिक आणि अहिल्यानगरकडे पडलेला पाऊस पैठणला पोहोचावयास वेळ लागतो. वैजापूर तालुक्यातील नागमठाण येथे गोदावरीचे पाणी मोजले जाते, आणि तेथील आकड्यावरून धरणात काय येणार ह्याचा अंदाज आधी बांधता येतो. धरणावरून सोडावयाच्या पाण्याचे आकडेही वेळोवेळी जाहीर होतात. तेव्हा सूचना मिळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. जी सूचना मिळते ती अभियंत्याच्या भाषेत मिळते, घरधन्याच्या भाषेत मिळत नाही.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. तीन लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे ८५ लाख लिटर. टँकरच्या हिशेबाने जगणाऱ्या ह्या प्रदेशाला सांगावयाचे तर, बारा हजार लिटरचे सातशे टँकर प्रत्येक सेकंदाला नदीत रिते व्हावेत, असा हा लोंढा होय. तो चोवीस तास चालला, तर सुमारे २६ अब्ज घनफूट पाणी, म्हणजे धरणाच्या उपयुक्त साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका दिवसात वाहून जातो. पण एवढे सांगूनही नदीकाठच्या विधवेला जे हवे ते कळतच नाही. तिला हवे आहे ते एवढेच, की पाणी माझ्या उंबऱ्याला केव्हा लागेल, आणि तत्पूर्वी मी कोठे जावयाचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर देता येणे अशक्य नाही. २००६ आणि २०२५ ह्या दोन पुरांनी पैठणची मोजणी स्वतःच करून ठेवली आहे. कोणत्या विसर्गास कोणत्या गल्लीत पाणी शिरले, हे तेथील जुन्याजाणत्यांच्या स्मरणात ताजे आहे. ते स्मरण विरण्यापूर्वी कागदावर उतरले पाहिजे आणि कागदावरून भिंतीवर गेले पाहिजे. प्रत्येक वस्तीत त्या दोन्ही पुरांच्या खुणा ठळक रंगाने कायमच्या काढाव्यात आणि शेजारी लिहावे, की अमुक क्युसेकची सूचना झाली की ह्या गल्लीने घरे सोडावयाची, अमुक रस्त्याने अमुक शाळेत जावयाचे. त्या शाळेची किल्ली रात्री कोणाजवळ असते, हेही लिहावे. वाचकांस हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण आम्ही काही वर्षे शिक्षकाचा पेशा केलेला आहे, आणि शाळेच्या किल्लीसाठी शिपायाच्या घरी माणूस धाडण्यात किती वेळ जातो हे आम्हांस ठाऊक आहे. अपरात्री, पावसात, गुरेढोरे आणि म्हातारीकोतारी बरोबर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो वेळ परवडणारा नसतो.

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचे प्राधिकरण असावे, जिल्ह्याची योजना तयार असावी आणि तिची दरवर्षी फेरतपासणी व्हावी, असे तो सांगतो. स्थानिक संस्थांनी आपले कर्मचारी प्रशिक्षित आणि साधने सज्ज ठेवावीत, असेही त्यात आहे. २०२५ च्या दुरुस्तीने महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणांची सोय झाली, ती स्वागतार्ह आहे. मात्र पैठणसारखे नगरपरिषदेचे गाव तिच्या कक्षेत येत नाही. ज्या गावाच्या उशाशी एवढे मोठे धरण आहे त्याने जिल्ह्याच्या योजनेतील आपल्या पानांवरच विसंबावयाचे, अशी ही स्थिती आहे. निदान ती पाने तरी कपाटात न राहता पैठणच्या प्रत्येक प्रभागात वाचली गेली पाहिजेत.

लोकांना सगळे आधी सांगितले तर घबराट होईल, असे एक मत प्रशासनात नेहमी ऐकू येते. ते आम्हांस मान्य नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. धरणावर जवान वाळूची पोती रचीत होते. खाली पुण्यातील बहुतेक घरांत मात्र सकाळ नेहमीसारखीच उजाडली होती. धरणावर जे माहीत होते ते घरांपर्यंत पोहोचले नाही, आणि त्याची किंमत त्या शहराने मोजली. ह्याच्या उलट उदाहरण ओडिशाचे आहे. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि दरवर्षी सरावाच्या कवायती सुरू केल्या. २०१३ च्या फायलिन वादळाच्या वेळी जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलविले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. माहिती असलेला माणूस घाबरत नाही; घाबरतो तो अंधारात ठेवलेला माणूस.

२०२५ मध्ये ज्या कर्मचाऱ्यांनी पावसात उभे राहून पैठणची माणसे हलविली त्यांच्या श्रमांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु ऐनवेळची धावपळ कितीही निष्ठेची असली, तरी ती नियोजनाची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पुढचा पूर मध्यरात्री आला तर काय, ह्याचे उत्तर निष्ठेत नसते.

पैसा नाही, ही सबब येथे लागू पडत नाही. भिंतीवरच्या रंगाला आणि एका दिवसाच्या कवायतीला फारसा खर्च येत नाही. माणसे नाहीत, असे तर पैठणने म्हणूच नये. दरवर्षी फाल्गुनात नाथषष्ठीला ह्याच गावात लाखो वारकरी येतात. त्यांच्या पाण्याची, औषधोपचाराची, वाटांची व्यवस्था हेच गाव आणि हेच प्रशासन करते. नाथषष्ठी आणि मृग ह्यांच्यामध्ये अडीच-तीन महिने असतात. यात्रेत उभे राहणाऱ्या त्याच स्वयंसेवकांना घेऊन त्या अवधीत एकदा तरी पुराची रंगीत तालीम व्हावी: भोंगा वाजावा, गल्ल्या रिकाम्या व्हाव्यात, शाळेचे कुलूप उघडावे आणि कोठे अडले ते टिपून घ्यावे. आपेगाव, शहागडपासून थेट नांदेडपर्यंत नदीकाठच्या गावांना मग तोच कित्ता गिरविता येईल.

ह्या कामी आपल्या शहराचेही कर्तव्य आहे. नाथसागर भरलेला राहावा असा आपला आग्रह आहे, आणि तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या भरलेल्या धरणाचा धोका ज्यांच्या वाट्याला येतो त्यांची सुरक्षितता ही आपण पीत असलेल्या पाण्याच्या किमतीचाच एक भाग होय. येत्या मृगापूर्वी पैठणच्या भिंतींवर त्या खुणा उमटल्या आहेत की नाहीत, ह्याची विचारणा लोकप्रतिनिधींकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे ह्या शहराने केली पाहिजे. आम्ही तर ती करूच.