जळलेले घर आणि समभागांची भरपाई

कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात बेचिराख झाले; ८५ माणसे दगावली. ठिणगी पडली ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या जीर्ण वीजवाहिनीतून. २०२० साली ८४ मृत्यूंचा गुन्हा कंपनीने न्यायालयात कबूलही केला. मग होरपळलेल्या कुटुंबांच्या पदरी काय पडले? या व आधीच्या वणव्यांसाठी ठरलेल्या १३.५ अब्ज डॉलरांपैकी निम्मी भरपाई त्याच कंपनीच्या समभागांत! म्हणजे जिने घर जाळले, तिचीच भरभराट चिंतीत बसावयाचे. जुने कपडे आणि सहानुभूती यांची पहिल्या महिन्यात रेलचेल असते. खरी निकड भासते ती विम्यातून मिळणारे घरभाडे बंद झाल्यावर. भरपाई रोख मिळावी आणि दिरंगाईचा भुर्दंड कंपनीनेच सोसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.