व्यसन आणि शिक्षेचा धाक

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा हस्तगत केला, तेव्हा काही दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. अशा प्रत्येक प्रसंगी दोन मागण्या एकाच दमात केल्या जातात. विष बनवणाऱ्यांना व विकणाऱ्यांना तुरुंगात धाडा, ही पहिली. ते घेणाऱ्यांनाही जबर शिक्षेचा धाक दाखवा म्हणजे ते आपोआप ताळ्यावर येतील, ही दुसरी. पहिलीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दुसरी मात्र ज्या समजुतीवर उभी आहे, ती समजूत मेंदूविज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. दारूबंदीच्या मोर्चांत घडलेल्या अनेक कार्यकर्त्यांच्या मनातही ती घर करून असते. म्हणून तिचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील विशिष्ट जागी विजेची तार बसवली आणि कळ दाबली की तेथे सौम्य विद्युत्प्रवाह पोहोचेल अशी योजना केली. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. पुढील प्रयोगांत असे दिसले, की ही कळ गाठण्यासाठी ते विजेचा झटका देणाऱ्या जाळीवरूनही धावत जात. भुकेला उंदीर अन्नासाठी जेवढा धोका पत्करी, त्याहून अधिक धोका तो या कळीसाठी पत्करू लागला. त्या उंदरांना झटक्याची वेदना जाणवत नव्हती असे नाही. पण ती त्यांना थांबवू शकत नव्हती. व्यसनाचे सारे कोडे या एका प्रसंगात सामावलेले आहे.

मेंदूची ही व्यवस्था निसर्गाने जगण्यासाठीच घडवली आहे. अन्न, सहवास, अपत्यप्रेम यांचे समाधान मिळाले की मेंदूत डोपामिन नावाचे रसायन पाझरते आणि ती गोष्ट पुन्हा करावीशी वाटते. हेरॉइन, मेफेड्रोन किंवा दारू हाच मार्ग वापरतात. मात्र त्यांच्यामुळे त्या रसायनाची पातळी नैसर्गिक मर्यादेपलीकडे चढते. हा मारा वारंवार होऊ लागला की मेंदू स्वतःचा बचाव करू पाहतो आणि त्या रसायनाला प्रतिसाद देणारी केंद्रे कमी करतो. परिणामी पूर्वीच्या मात्रेने भागत नाही. आणि आईच्या हातचे जेवण, मित्रांच्या गप्पा, मुलाचे हसू यांतली गोडीही आटून जाते. त्याच वेळी कपाळामागचा, मेंदूचा पुढचा भाग दुबळा होत जातो. परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे, आजच्या सुखापेक्षा उद्याचे हित मोठे मानणे, ही कामे हा भाग करतो. थोडक्यात, ओढ वाढते आणि लगाम सैल होतो.

नव्वदच्या दशकात अमेरिकी संशोधकांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांना एका माणसाच्या भविष्याविषयीची अर्धवट गोष्ट पूर्ण करावयास सांगितली. व्यसन नसलेल्यांच्या गोष्टी सरासरी साडेचार वर्षांहून पुढच्या काळापर्यंत गेल्या. व्यसनींच्या गोष्टी सरासरी नऊ दिवसांत संपल्या. ज्याचे भविष्य नऊ दिवसांचे झाले आहे, त्याला वर्षभराच्या तुरुंगवासाचे भय कसे वाटावे? दहा वर्षांनी जडणाऱ्या रोगाचे तरी कसे वाटावे? १९९० च्या सुमारास मणिपुरात एचआयव्हीचा संसर्ग सुईने हेरॉइन घेणाऱ्या तरुणांत शिरला आणि अल्पावधीत त्यांच्यातील निम्म्याहून अधिकांना त्याने गाठले. एकच सुई अनेकांनी वापरली, हे त्यामागचे मुख्य कारण. पोलिसांच्या भीतीने हे तरुण अधिकच आडोशाला गेले, सुई जवळ बाळगण्यासही धजेनात. तेव्हा धाकाने धोका टळला नाही, उलट वाढला. त्या राज्यात पुढे निर्जंतुक सुया पुरवण्याचे आणि हेरॉइनऐवजी वैद्यकीय देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याचे जे काम झाले, ते या अनुभवातूनच.

देशाचा कायदा मात्र अद्याप धाकावरच विसंबून आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्याच्या कलम २७ नुसार केवळ सेवनासाठीही वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ६४-अ ने उपचारास स्वतःहून तयार होणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण दिले आहे, हे खरे. पण उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेता येते. घसरण हा या आजाराचा स्वभाव आहे, आणि कायदा तिला विश्वासघात समजतो. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून त्याला कोणी कोठडीत टाकत नाही. केंद्र सरकारच्या वतीने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य द्रव्ये घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी २६ लाख असून त्यांतील ७७ लाखांना मदतीची निकड आहे. बेकायदा मादक द्रव्यांच्या पूर्ण आहारी गेलेल्या वीस जणांपैकी फक्त एकाला कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले. कोठडी सहज मिळते, खाट मिळत नाही, असा हा हिशेब आहे.

मेंदूच बिघडला म्हटल्यावर माणूस कायमचा वाया गेला, असा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे होय. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांपैकी जवळजवळ एक पंचमांश हेरॉइनच्या आहारी गेल्याचे आढळले होते. १९७१ मध्ये मायदेशी परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने मागोवा घेतला, तेव्हा व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात सुमारे पाच टक्केच पुन्हा त्या गर्तेत गेले होते. युद्धभूमी मागे पडली होती. घर, काम व माणसे परत मिळाली होती. मेंदू परिस्थितीने बिघडतो, तसा परिस्थितीने सावरतोही.

हीच गोष्ट उलट्या बाजूने मुंबईने पाहिली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील हजारो घरांची कमाई बुडाली आणि त्याच दशकात चांदीच्या कागदावर जाळून ओढावयाचा ‘गर्द’ शहराच्या गल्लीबोळांत पसरला. गर्दने सुखवस्तू घरेही सोडली नाहीत, म्हणून बेकारी हे त्याचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. परंतु ज्या तरुणाला नऊ दिवसांपलीकडे पाहण्याजोगे भविष्यच उरलेले नाही, त्याला त्या धुरातून परत बोलावणार कशाच्या बळावर?

त्याच काळात, १९८६ मध्ये, अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका तेथे नुसती मांडली गेली नाही, तर रोजच्या व्यवहारात पाळली गेली. घसरलेल्याला परत घ्यायचे, कुटुंबालाही आधार द्यायचा, बरे झालेल्यांनीच नव्यांचा हात धरायचा, अशी ती रीत आहे. वर्षाहून अधिक काळ द्रव्यापासून दूर राहिल्यास मेंदूतील हानी बऱ्याच अंशी भरून येऊ शकते, असे आता संशोधनही सांगते. प्रश्न आहे तो एवढे वर्ष त्या माणसाला सांभाळणार कोण, हा.

म्हणूनच मागणीची दिशा बदलली पाहिजे. सेवन हा गुन्हा न राहता आरोग्याचा प्रश्न ठरावा, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यसनमुक्तीचा स्वतंत्र कक्ष व पर्यायी औषधे असावीत आणि बऱ्या झालेल्यांना हाताला काम मिळावे, यासाठी विधिमंडळात व रस्त्यावर झगडावे लागेल. कारखाने काढून विष पिकवणाऱ्यांवर कायद्याचा बडगा जरूर पडो. पण वस्तीतला पोरगा घरातली भांडी विकून पुडी आणतो, तेव्हा त्याच्या दारात पोलिसाआधी कार्यकर्ता पोहोचला पाहिजे; आणि तो पुन्हा घसरला, तर पुन्हा पोहोचला पाहिजे. लगाम गळून पडलेल्या माणसाला चाबूक दाखवून उपयोग नाही. त्याच्या हाती लगाम परत येईपर्यंत कोणीतरी त्याच्या शेजारून चालावे लागते.