उपाशी पोरींचे दुकानदार

लग्नसराई जवळ आली की भालकी, बसवकल्याण, हुमनाबादेत पोरींना उपाशी ठेवण्याचा धंदा तेजीत येतो. माझ्या भाचीच्या मोबाइलवर आलेला तक्ता मी वाचला. सकाळी जिऱ्याचे पाणी, दुपारी काकडी आणि अर्धी वाटी मूग, रात्री एक सफरचंद. भाकरीपुढे लाल फुली, वरणापुढे लाल फुली. खाली हमी: 21 दिवसांत 8 किलो. पैसे आधी घेतले. पाळी नियमित येते का, हिमोग्लोबिन किती, हे एका शब्दाने विचारले नाही. वेळ अमावस्येला सगळे घर शेतात भज्जी, उंडे आणि अंबिलावर बसले होते, आणि ही पोर बांधावर काकडी चिरत होती. मी याला फसवणूक म्हणतो.

काटा उतरतो, खरे आहे. पहिल्या आठवड्यात त्यातले बरेचसे पाणीच असते. मग चरबीबरोबर स्नायू झिजतात. अन्न तुटले की शरीर दुष्काळातल्या घरासारखे खर्च आवरते: भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक घसरते, थायरॉईडचे काम मंदावते, भूक मात्र खवळते. पुन्हा जेवायला लागल्यावर पूर्वीच्याच दोन भाकरी अंगावर चढतात.

हे काही नवे ज्ञान नाही. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने रोज सुमारे 1,570 कॅलरींवर ठेवले. वजन चतुर्थांशाने घटले. पण पोरे थंडीने कुडकुडू लागली, खचली, दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली. भाचीच्या तक्त्यात त्याच्या निम्मेही अन्न नाही! अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूझर' या वजन उतरवण्याच्या कार्यक्रमातले 14 स्पर्धक संशोधक केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासले. सरासरी 58 किलो उतरवले होते, त्यातले 41 परत आले. आणि शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज 500 कॅलरी कमी जाळत होते. सहा वर्षांनंतरही.

डॉक्टर काही मधुमेहींना अगदी कमी कॅलरींचा आहार देतात. पण तो तपासण्या करून, नजरेखाली ठेवून, नंतरचे जेवण बसवून देतात. मोबाइलवरच्या तक्त्याने त्याचा आधार सांगू नये.

आपल्याकडे तर नुकसान दुप्पट. आपली माणसे हातापायांनी बारीक, पण अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षे सांगत आले. त्या तुटपुंज्या स्नायूंवरच हा तक्ता घाला घालतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. कलबुर्गीच्या तुरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच मुलखातल्या मुलीच्या ताटातून वरण काढून घेता?

वजन उतरवायचे असेल तर भाकरी थोडी कमी करा, वरण-उसळ वाढवा, साखरेचा चहा आणि फरसाण तोडा, रोज चाला, अंगमेहनत करा. वेळ लागेल, लागू द्या. आणि मुलींच्या आयांनो, तक्त्याचे पैसे भरण्याआधी पोरीचे हिमोग्लोबिन तपासून घ्या.