विजयाच्या पायावर उभी असलेली शांतता

शांततेचा अखंड जप करणाऱ्या मंडळींची एक लाडकी समजूत आहे. विजयाचे स्मरण केले की द्वेष वाढतो. म्हणून ज्यांना शांतता हवी, त्यांनी रणांगणे विसरावीत आणि विजयस्तंभ उभारण्याचा मोह टाळावा, असे ते सांगत असतात. ही समजूत किती पोकळ आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी सरोवराकडे दृष्टी वळवावी. तेथील साउथ बास बेटावर, पुट-इन-बे या गावी, ३५२ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे. कॅनडाची सरहद्द तेथून अवघ्या पाच मैलांवर. 'पेरीचा विजय आणि आंतरराष्ट्रीय शांतता स्मारक' हे त्याचे अधिकृत नाव. विजय आधी, शांतता नंतर. आणि दोहोंत विसंगती मानण्याचे कारण तेथे कोणालाही वाटले नाही.

१८१२ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. कॅनडा तेव्हा ब्रिटिशांच्या सत्तेखाली होता. पहिल्याच उन्हाळ्यात अमेरिकेने डेट्रॉइट गमावले. ईरी सरोवर ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या प्रदेशाची रसद, हे दोन्ही पक्ष जाणून होते. १० सप्टेंबर १८१३ रोजी नऊ अमेरिकी आणि सहा ब्रिटिश जहाजे समोरासमोर आली. अमेरिकी आरमाराचा प्रमुख ऑलिव्हर हॅझर्ड पेरी अवघा २८ वर्षांचा होता. त्याचे 'लॉरेन्स' हे जहाज तोफांच्या माऱ्याने खिळखिळे झाले. त्यावरील बहुतेक लोक ठार वा जखमी झाले. पेरी एका लहान नावेतून, गोळ्यांच्या वर्षावात, 'नायगरा' या दुसऱ्या जहाजावर पोहोचला आणि हरत आलेली लढाई त्याने फिरवली. संपूर्ण ब्रिटिश तुकडी शरण आली. ब्रिटिश सेनानी रॉबर्ट बार्क्ले याने पूर्वीच एक हात गमावला होता. या लढाईतही तो गंभीर जखमी झाला. शौर्य दोन्ही बाजूंना होते, हे नाकारण्याचे कारण नाही.

शंभर वर्षांनी, १९१३ साली, स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. नऊ राज्ये आणि केंद्र सरकार यांनी खर्चाचा भार उचलला. १९१५ साली स्तंभ लोकांसाठी खुला झाला. त्या वेळी युरोप महायुद्धाच्या वणव्यात होरपळत होता. १९३६ साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. लढाईत पडलेले तीन अमेरिकी आणि तीन ब्रिटिश अधिकारी या स्तंभाच्या फरशीखाली शेजारी शेजारी चिरनिद्रा घेत आहेत. विजयाचे स्मरण द्वेष शिकवते, असे म्हणणाऱ्यांनी या सहा समाध्यांचे उत्तर द्यावे. शत्रूचा सन्मान करण्याचे औदार्य जेत्याला शोभते. आपला विजय सांगायलाच जो लाजतो, त्याच्या औदार्याला कोण विचारतो?

मग शांतता आली कोठून? डिसेंबर १८१४ मध्ये गेंट येथे तह झाला आणि १८१७ साली रश-बॅगट करार झाला. त्यानुसार ऑन्टॅरिओ सरोवरात प्रत्येकी एक, वरच्या सरोवरांत प्रत्येकी दोन आणि शँप्लेन सरोवरात प्रत्येकी एक अशीच छोटी सशस्त्र जहाजे ठेवण्याची मर्यादा ठरली. प्रत्येक जहाजावर तोफ एकच. हा करार भाबडेपणातून झाला नव्हता. एकमेकांचे बळ अजमावून झालेल्या दोन सत्तांचा तो हिशेब होता. करारानंतरही ब्रिटिशांनी १८२६ ते १८३२ या काळात रिडो कालवा खोदला. अमेरिकेशी पुन्हा युद्ध जुंपल्यास रसद सुरक्षित राहावी, हाच त्यामागील हेतू होता. विश्वास हळूहळू आला, सावधपणाच्या सोबतीने आला, आणि म्हणूनच टिकला.

या शांततेची दुसरी बाजू त्याहून अधिक बोलकी आहे. या युद्धात तिसरा पक्षही होता. आपली भूमी वाचवण्यासाठी ब्रिटिशांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या मूळ रहिवासी जमातींचा तो पक्ष. सरोवर हातचे जाताच ब्रिटिश फौजेने माघार घेतली. शॉनी जमातीचा थोर नेता टेकम्से याने त्या माघारीला विरोध केला. महिनाही उलटला नाही तोच, ५ ऑक्टोबर १८१३ रोजी, थेम्स नदीकाठच्या लढाईत तो मारला गेला. १८११ सालचे त्यांचे हक्क परत देण्याचे वचन गेंटच्या तहात नोंदवले गेले. ते कागदावरच राहिले. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रदेशाची मागणी ब्रिटिशांनी वाटाघाटींतच सोडून दिली होती. स्तंभाखालच्या सहा समाध्यांत त्यांच्यापैकी कोणाचीही समाधी नाही.

तहाच्या मेजावर ज्याला स्वतःचे बळ नाही, त्याचे हक्क इतरांच्या सोयीवर अवलंबून राहतात, हा त्या कराराचा न लिहिलेला अनुच्छेद आहे. टेकम्सेच्या लोकांजवळ शौर्य कमी नव्हते. परंतु त्यांचा आधार परक्याच्या आरमारावर होता. ते आरमार बुडाले तेव्हा त्यांचा न्यायही बुडाला. शांततेच्या गुणगानात हे प्रकरण सोयिस्करपणे गाळले जाते.

ईरीचा स्तंभ म्हणूनच दोनदा वाचावा लागतो. एकदा त्याच्या शिखराकडे पाहून, जेथे सलोखा दिसतो. आणि एकदा त्याच्या पायाशी उभे राहून, जेथे रक्त, दारूगोळा आणि एका तरुण सेनानीची जिद्द दिसते. शिखरावर मोहित होऊन जे पाया विसरतात, त्यांना शांतता लाभत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती इतरांनी ठरवलेली तहाची कलमे.