मोबाईल कंपन्यांची सेवा व शेतकऱ्यांची दाद

पेरलेलें बियाणें उगवलें नाहीं, तर शेतकरी पावती व पिशवीवरील लेबल घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाऊं शकतो. समिती शेतावर येऊन पंचनामा करते. दाद नेहमीं मिळतेच असें नाहीं. पण ती कोठें मागावयाची हें तरी ठाऊक असतें. मोबाईलच्या सेवेचे पैसे मात्र आपण आगाऊ भरतों, आणि माल पदरांत पडला कीं नाहीं हें कोणी मोजीत नाहीं.

हा आतां केवळ गैरसोयीचा प्रश्न राहिलेला नाहीं. २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत आहे. शेतकरी ओळख क्रमांक घ्या कीं पीएम-किसानची पडताळणी करा, ओटीपी मोबाईलवरच येतो. सोयगांव व कन्नड तालुक्यांत अजिंठ्याच्या डोंगरांच्या कुशींत ज्या वस्त्या आहेत, तेथें टॉवरच्या लहरी डोंगर अडवितो. सपाटीवर वीज गेली व टॉवरची बॅटरी उतरली कीं तीच गत. सरकारी मुदत मात्र थांबत नाहीं. ओटीपीसाठीं शेतकऱ्यानें टेकडी चढावी, ही व्यवस्था ज्यांनीं ठरविली त्यांना टेकडी चढावी लागत नाहीं.

कंपन्यांचा महिना बहुधा २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षास तेरा रिचार्ज. आपल्या पंचांगांत अधिक मास सुमारें तीन वर्षांनीं येतो. यांच्या पंचांगांत तो दरसाल येतो! नियामक प्राधिकरणानें २०२२ सालीं निदान एक ३० दिवसांचा पर्याय ठेवण्यास कंपन्यांस सांगितलें आहे. पण आपण विचारल्याशिवाय दुकानदार तो क्वचितच दाखवितो.

तक्रारीची कथा याहून न्यारी. १९८ वर फोन करावा, तर एक दाबा, दोन दाबा अशी यंत्राची वाणी. माणूस भेटलाच तर तो गांवाऐवजीं पिनकोड विचारतो, आणि एका पिनकोडांत अनेक गांवें असतात. पुढें ‘आपल्या तक्रारीचें निराकरण झालें आहे’ असा संदेश येतो, तोही गांवाबाहेर रेंज सांपडल्यावर. कंपनी बदलावी, असें शहरवासी सांगतात. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, हें खरें. पण जेथें एकाच कंपनीचा टॉवर आहे, तेथील माणसानें जावें कोठें?

बहुतेक शेतकरी येथेंच थांबतात. तसें थांबूं नये. २०१२ च्या विनियमांप्रमाणें कंपनीनें प्रत्येक तक्रारीस क्रमांक दिला पाहिजे. समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करतां येतें, व त्यानें तें ३९ दिवसांत निकालांत काढावयाचें असतें. नियामक प्राधिकरण एकेकट्याची तक्रार ऐकत नाहीं, म्हणून तेथें अर्ज धाडून वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालामुळें टेलिफोन ग्राहकांस ग्राहक मंचाचें दार बंद झालें होतें. तें त्याच न्यायालयानें फेब्रुवारी २०२२ मध्यें उघडलें. अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या अवाच्या सवा बिलाचा तो खटला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करतां येतो, पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाहीं, वकील सक्तीचा नाहीं, आणि एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीनें एकत्र येऊं शकतात.

एका रिचार्जच्या नुकसानीसाठीं कोणी एकटा छत्रपती संभाजीनगरच्या खेपा घालणार नाहीं, हें कंपन्या ओळखून आहेत. गांव एकत्र आलें तर हिशेब बदलतो. सभासदांनीं वहींत तारीख, रेंज गेल्याची व आल्याची वेळ, रिचार्जची रक्कम व तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, आणि महिन्याची नोंद ग्रामसभेच्या ठरावासह संघाकडे पाठवावी. ओटीपी न आल्यामुळें ज्याची मुदत चुकली, त्याचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्यानें कागदावर स्वीकारावा, अशी मागणीही त्याच ठरावांत घालावी. सोयगांव व कन्नड येथील सभासदांच्या नोंदी प्रथम आल्यास बरें होईल.